हॅरी पॉटर: चौथ्या भागानंतर पोराला थांबवायचं का?

शेंगाचटणी

नमस्कार मंडळी. प्रश्न साधाच आहे, पण आठ दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून धागा काढते.

लेक दहा वर्षांचा, पाचवीत, मराठी माध्यम. दिवाळीपासून आमच्याकडं रात्री जेवणं झाली की हॅरी पॉटरचं वाचन असतं. पुस्तकं मराठी, मंजुलनं काढलेली. मी मोठ्यानं वाचते. ऐकायला लेक, त्याची नानम्मा (माझ्या सासूबाई, घर सोलापूरच्या पूर्व भागातलं, घरात तेलुगू) आणि नवरा. तो मोबाईलमध्ये डोकं घालून बसतो, पण पान उलटायला मला उशीर झाला की "हं, पुढं" म्हणतो. पाणी यायचा दिवस असला की वाचन नळाच्या मर्जीनं. पहिल्या भागात हॅरीला जादूच्या शाळेत न्यायला धिप्पाड हॅग्रिड दार पाडून आत येतो, नेमकी तेव्हाच खालून "पाणी आलं वोऽऽ" अशी हाळी आली. सगळे बादल्या घेऊन पळाले आणि हॅग्रिड बिचारा अर्धा तास उंबऱ्यातच उभा.

गड्ड्याच्या (संक्रांतीच्या जत्रेच्या) चार दिवसांची सुट्टी सोडली तर खंड नाही. तीन भाग झाले, चौथ्याची शेवटची शंभरेक पानं उरलीत आणि मी टाळाटाळ करतेय. ज्यांनी वाचलंय त्यांना कारण माहीत आहे. ज्यांनी नाही वाचलं त्यांनी इथूनच मागं फिरा, पुढं सगळं फुटणार आहे.

स्मशानात हॅरीच्या शाळेतला सेड्रिक मरतो. वैर नाही, झुंज नाही. हा जादाचा आलाय, एवढ्यावर सतरा वर्षांच्या पोराला उडवतात.

माझं म्हणणं असं आहे. हे सात भाग १९९७ ते २००७ अशा दहा वर्षांत आले. चौथा २००० साली आणि पाचवा थेट २००३ ला. मैत्रिणीच्या दादानं पुण्याहून आणलेला चौथा भाग मी डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचला तेव्हा सहावीत होते. पाचवा हातात आला तेव्हा नववीत. मधली तीन वर्षं नुसती वाट बघितली, आणि वाट बघता बघता मोठी झाले. पंधरा वर्षांच्या हॅरीची आदळआपट वाचताना मी चौदाची होते, मला ती माझीच वाटली. आताच्या पोरांना सातही भाग एकाच खोक्यात मिळतात. दिवाळीत अकरा वर्षांचा हॅरी शिमग्याला सतराचा होतो, आणि वाचणारं पोरगं दहाचं ते दहाचंच.

तर चौथा संपवून पाचवा कपाटात ठेवावा का? ठेवला तर किती दिवस? अनुभव असेल त्यांनी सांगा.

कडकभाकरी

वाचू द्या की वो. माझी पुतणी नवव्या वर्षी सातही वाचून बसली, काय झालं नाही तिला. आपण काय वाचत होतो? चांदोबात दर महिन्याला विक्रम राजा खांद्यावर प्रेत टाकून स्मशानातनं चाललेला. त्याच्यावर कुणाच्या आईनं धागा काढला नव्हता.

शेंगाचटणी

अहो, ते प्रेत आधीच मेलेलं असतं! बोलतं, गोष्ट सांगतं, परत जाऊन झाडाला लटकतं. सेड्रिकनं आदल्याच पानावर हॅरीबरोबर मिळून स्पर्धेचा कप उचललेला असतो. फरक आहे की नाही?

पुणेरी_सोलापूरकर

मूळ प्रश्नाला बगल देतोय, माफी असावी. पण मराठीत का वाचताय? ही पुस्तकं इंग्रजीतच वाचायला हवीत. मंत्रांमधलं लॅटिन, नावांमधल्या कोट्या, हॅग्रिडची गावरान बोली, सगळं अनुवादात सपाट होतं. खलनायक वोल्डेमॉर्टचं खरं नाव टॉम मार्व्होलो रिडल, ही अक्षरं फिरवून 'आय अ‍ॅम लॉर्ड वोल्डेमॉर्ट' होतं, हे देवनागरीत कसं करणार? पोराचं इंग्रजीही सुधारेल.

शेंगाचटणी

अक्षरांच्या कोड्यापुरतं मान्य. पण उलटंही घ्या की. पहिल्या भागाचं नाव मराठीत 'हॅरी पॉटर आणि परीस'. परीस! लोखंडाचं सोनं करणारा दगड म्हणजे काय हे आमच्याकडं शेंबड्या पोराला सांगावं लागत नाही. अमेरिकेत मात्र मुलांना 'फिलॉसॉफर' शब्द जड जाईल म्हणून नावच बदलून 'सॉर्सरर्स स्टोन' केलं होतं.

आणि दुसरी गंमत. भाचा आला होता, इंग्रजी शाळेतला, त्याची इंग्रजी प्रत घेऊन. लेकाला हॅरीच्या शाळेची गाडी सुटते तो फलाट समजावत होता, "प्लॅटफॉर्म नाइन अँड थ्री क्वार्टर्स, म्हणजे नऊ आणि वर तीन चतुर्थांश." लेक बोटांवर मोजतोय. नवऱ्यानं मोबाईलमधून मान न काढता सांगितलं, "पावणेदहा म्हण की बे." संपला विषय. त्यानंतर सिद्धेश्वर एक्स्प्रेसला कुणाला सोडायला स्टेशनवर गेलो की लेक विचारतो, पावणेदहा नंबरला कुठून जायचं?

कडकभाकरी

हॅग्रिड सोलापूरचाच हाय. "हॅरी, तू जादूगार हायस बे! तुला कुणी सांगितलं नाय?" इंग्रजीपेक्षा भारी बसतंय.

कंबरतलाव

पाटलांचा विषय निघाला नाही अजून? हॉगवर्ट्समध्ये, म्हणजे हॅरीच्या जादूच्या शाळेत, दोन पाटील आहेत राव. पार्वती आणि पद्मा, जुळ्या बहिणी. पार्वती ग्रिफिंडोरला, पद्मा रेव्हनक्लॉला. सिनेमावाल्यांनी दोघींना एकाच हाउसमध्ये टाकलं, म्हणजे एकत्र कुटुंब. चौथ्या भागातल्या नाचाला हॅरी पार्वतीला नेतो आणि त्याचा मित्र रॉन पद्माला, आणि दोघंही पोरींकडं ढुंकून बघत नाहीत. पाटलाच्या पोरींना नाचाला बोलवायचं आणि खुर्चीवर बसवून ठेवायचं! आमच्या मोहोळ तालुक्यात हे केलं असतं तर वोल्डेमॉर्टची गरज पडली नसती.

साडेतीन_नंबर

मालिका चांगली आहे, पण तो झाडूवरचा खेळ मला कधीच पटला नाही. गोलला १० गुण आणि ती सोनेरी चेंडी पकडली की एकदम १५०. म्हणजे बाकीचे सहा जण तास-तास घाम गाळणार आणि शेवटी हॅरीनं झेल घेतला की सामना खिशात. क्रिकेटमध्ये एका झेलाला दीडशे धावा दिल्या तर स्टेडियम जाळतील लोक. लेखिकेनं कधी मैदानावर पाय ठेवला नसावा.

टिल्लू१३

मी बाबांच्या आयडीवरून लिहितोय. माझं वय १२. काका, तुम्ही चौथा भाग नीट वाचला नाही. वर्ल्ड कप फायनलमध्ये बल्गेरियाचा खेळाडू क्रम स्निच (ती सोनेरी चेंडी) पकडतो तरी बल्गेरिया हरते. आयर्लंड १७०, बल्गेरिया १६०. म्हणजे नेहमीच झेल घेणारा जिंकतो असं नाही.

माझ्या मते तिसरा भाग सगळ्यात बेस्ट. त्यात वोल्डेमॉर्ट स्वतः येतच नाही, तरी सगळ्यात जास्त भीती वाटते. पण त्यात एक चूक आहे. हॅरीची मैत्रीण हर्मायनी, तिच्याकडं वेळ मागं नेणारं यंत्र असतं, ते फक्त जास्तीचे तास करायला दिलेलं. एवढं भारी यंत्र अभ्यासाला कोण देतं? पुढं लेखिकेला पण कळलं असणार, कारण पाचव्या भागाच्या शेवटी मंत्रालयातली ती सगळी यंत्रं मारामारीत फुटतात. माझ्या मते मुद्दाम फोडली.

आणि काकू, सेड्रिकचं त्याला वाचू द्या. मी रडलो होतो पण दुसऱ्या दिवशी ठीक होतो.

साडेतीन_नंबर

१७०-१६० मान्य. शब्द मागे घेतो. बाबांना सांग, आयडी तुझ्याच नावावर करून द्या.

मधलीसुट्टी

मला या मालिकेतलं सगळ्यात जास्त काय बोचलं ते सांगते, आणि ते मरण नाही.

दुसऱ्या भागात डॉबी हा घरगडी येतो. उशीचा अभ्रा नेसलेला, चुकला की स्वतःलाच शिक्षा करून घेणारा. मालकानं कपडा दिला तरच सुटका. शेवटी एका मोज्यावर सुटतो. माझ्या मुलीनं हे वाचलं तेव्हा ती चौथीत. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात आली, भांडी घासायला येणाऱ्या मावशी चहा पीत होत्या. मुलीनं सगळ्यांदेखत विचारलं, "आई, मावशींचा कप खिडकीत का असतो? आपले तर मांडणीत असतात." कानाचा एक टवका उडालेला कप, बारा वर्षं तिथंच आहे. माझ्या सासूनं ठेवला, मी चालू ठेवला, कधी डोळ्यांवर आला नाही. मावशी म्हणाल्या, "राहू दे गं, मला तोच बरा पडतो." तेच मला जास्त लागलं, कारण पुस्तकातले घरगडी अगदी हेच बोलतात.

आता माझी तक्रार. चौथ्या भागात हर्मायनी या गड्यांच्या हक्कासाठी संघटना काढते, बिल्ले करते, वर्गणी मागते. आणि लेखिका तिची थट्टा करते. रॉन हसतो, हॅरीला कंटाळा येतो, गडी स्वतःच म्हणतात आम्हाला असंच आवडतं. डॉबी एकटाच वेगळा. इतका मोठा प्रश्न उभा करायचा आणि विनोदावर सोडून द्यायचा, हे मला जमलेलं वाटत नाही. पण कप आता मांडणीत आहे, आणि तो या पुस्तकामुळं आहे, हेही खरं.

कंबरतलाव

ताई, हे मी बायकोला वाचून दाखवलं. ती काही न बोलता उठून स्वयंपाकघरात गेली.

पेठेतला_मास्तर

उशिरा येतोय, पेपर तपासणी चालू होती.

आमच्या शाळेत शनिवारचा शेवटचा तास मी गोष्टीला ठेवतो. गेल्या वर्षी सातवीला पाचव्या भागातला थेस्ट्रलचा तुकडा सांगितला. हॉगवर्ट्सच्या बग्ग्या आपोआप चालतात असं हॅरीला आधीची सगळी वर्षं वाटत असतं. पाचव्या वर्षी त्याला पहिल्यांदा त्या ओढणारे घोडे दिसतात. काळे, हाडांवर नुसती कातडी, वटवाघळाचे पंख. ज्यानं मरण डोळ्यांनी पाहिलंय त्यालाच ते दिसतात. रॉन शेजारी उभा, त्याला काहीच दिसत नाही.

वर्ग गप्प होता. मागच्या बाकावरची एक मुलगी, एरवी हजेरीलाही मान वर न करणारी, म्हणाली, "सर, मला दिसले असते." तिचे वडील करोनात गेले. बेड मिळेपर्यंत घरातच. मग खिडकीकडचे दोन हात वर झाले, एक पुन्हा खाली गेला. मी फळा पुसायला लागलो. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

म्हणून शेंगाचटणीताई, 'दहा वर्षांच्या पोराला मरण झेपेल का' हा प्रश्न मला उलटा वाटतो. काही पोरं ते घेऊनच वर्गात येतात. पण तुमचा दुसरा मुद्दा, वाट बघण्याचा, तो पटला. मी तुकडा सांगितला, पुस्तक हातात दिलं नाही. इंग्रजी आवृत्तीत पहिला भाग २२३ पानांचा आहे आणि पाचवा ७६६. पोरं मरणाला भीत नाहीत, जाडीला भितात. आणि त्या जाडीत निम्मा वेळ हॅरी ओरडत असतो. चौदाव्या वर्षी ते आपलं वाटतं, दहाव्या वर्षी नुसता कंटाळा. कंटाळून सोडलेलं पुस्तक पोरगं परत उचलत नाही, भीतीनं सोडलेलं एक दिवस उचलतंच.

पुणेरी_सोलापूरकर

मास्तरांना अनुमोदन. आधी इंग्रजीचा हट्ट केला तो जरा सैल करतो. पहिल्या भागाची निवडसुद्धा एका पोरीनंच केली होती. ब्लूम्सबरी प्रकाशनाच्या प्रमुखानं आपल्या आठ वर्षांच्या मुलीला पहिलं प्रकरण दिलं आणि तिनं पुढचं मागितलं. तरीही पुठ्ठाबांधणीची पहिली छपाई ५०० प्रतींचीच. मोठ्यांचा विश्वास एवढाच.

शेंगाचटणी

सगळ्यांचे आभार. मधलीसुट्टीताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. आता आमच्याकडची एक गोष्ट सांगते, कारण माझ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक तिच्यात आहे आणि मलाच उशिरा कळलं.

दुसरा भाग चालू होता. रॉनची बहीण जिनी एका जुन्या वहीत लिहिते आणि वही उत्तर देते, ते प्रकरण. नानम्मा सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. आता रोजच्या हजार होत नाहीत, चार-पाचशेवर थांबते, डोळ्यांनी दगा दिलाय. पण हातांना डोळे लागत नाहीत. कापलेलं पान घ्यायचं, जर्दा पसरायचा, वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. (धागा तिचाही चालूच असतो म्हणा.) तिचे हात थांबले की समजायचं, गोष्ट लागली. हॅरी झाडूवरून पडला तेव्हा थांबले नाहीत. वही बोलली आणि थांबले.

"त्याचं जीव त्या वहीत हाय," ती म्हणाली.

लेक म्हणाला, "नाही गं, ती आठवण आहे. पुस्तकात लिहिलंय तसं."

"आठवण कसं बोलतंय? जीव हाय ते. चिलकलो प्राणं."

चिलका म्हणजे पोपट. पोपटात प्राण. मग वाचन बाजूला राहिलं आणि तिनं बालनागम्माची गोष्ट सांगितली. राणीला पळवून नेणारा मांत्रिक, त्याला काही केल्या मरण नाही, कारण त्याचा जीव दूर कुठंतरी पोपटात ठेवलेला. राणीचा पोरगा मोठा होतो, जाऊन पोपट आणतो, पोपटाची मान मुरगाळली की इकडं मांत्रिक खलास. त्या मांत्रिकाला कुणी मायल फकीर म्हणतात आणि कुणी चक्क 'मायल मराठी'. हे कळल्यापासून नवरा मला त्याच नावानं हाक मारतो, कारण या घरात मराठी मी एकटीच.

मी तोंड दाबून गप्प बसले होते. सहाव्या भागात नेमकं तेच निघतं ना. वोल्डेमॉर्टनं जिवाचे सात तुकडे करायचं ठरवलेलं, आणि ती वही त्यातलाच एक. लेखिकेनं २००५ साली उलगडून सांगितलं ते या बाईनं दुसऱ्या भागात, तिसरीत शाळा सुटलेली असताना, पान वळता वळता ओळखलं.

पेठेतला_मास्तर

वा! रशियन लोककथेतल्या कोश्चेईचा जीव सुईच्या टोकाला, सुई अंड्यात, अंडं बदकात. नानम्माला विचारा, ओळखीचा वाटतो का.

टिल्लू१३

काकू तुम्ही हॉरक्रक्सचं (त्या जिवाच्या तुकड्यांचं) इथं लिहून टाकलं! कुणी सहावा वाचला नसेल तर? पण तुमची आजी भारी आहे. मला सहाव्या भागापर्यंत कळलं नव्हतं.

कडकभाकरी

मग झालं काय पुढं? पाचवा कपाटात का बाहेर?

शेंगाचटणी

काल रात्री चौथा संपवला. सेड्रिकचं पान वाचताना माझाच आवाज गेला, नवऱ्यानं पुस्तक घेतलं आणि तो वाचत राहिला. मोबाईल उपडा ठेवून. लेक रडला नाही. त्यानं एवढंच विचारलं की तो कप शेवटी कुणाकडं राहिला. मला उत्तर आलं नाही. पुढं सेड्रिकची सावली हॅरीला सांगते की माझं शरीर आईबापाकडं घेऊन जा, आणि तेवढ्या गोंधळात हॅरी ते आणतो. तिथं नानम्मा म्हणाली, "आणला ना परत? बस्स. आईला दाखवायला पाहिजे." आणि परत विडी वळायला लागली.

पाचवा कपाटात टाकला. लेकाशी करार झाला: पुढच्या गड्ड्याला नंदीध्वज निघाले की कपाट उघडायचं, तोपर्यंत तो अकराचा झालेला असेल. त्यानं फार कुरकुर केली नाही. पहिला भाग परत वाचूया म्हणाला, आता फेट्याच्या आत कोण आहे ते माहीत असताना.

अडचण दुसरीकडूनच आली. आज दुपारी भाकऱ्या थापताना नानम्मा मागं येऊन उभी राहिली. म्हणाली, "वही तर फोडलं. बाकीचं जीव कुठं ठेवलंय त्यानं? एवढं हुशार माणूस एकाच पोपटात ठेवत नसतंय." मी म्हटलं, पुढच्या संक्रांतीला कळेल. "माझं वय बघ की," म्हणाली, "मला कशाला थांबवतीस?"

कपाटाची किल्ली तिच्याच कमरेला असते. वाचता येत नाही, एवढीच काय ती आडकाठी.

कडकभाकरी

वाचून दाखवायला नातू हाय की घरात. मार्चपर्यंत पाचवा संपला बघा.